तिसऱ्या मजल्यावरचे ऐंशी जण

बेरीजरावाला तोंडावर बेरीजराव म्हणायची हिंमत अख्ख्या हॉस्पिटलात एकटीचीच होती, आणि ती म्हणजे त्याची वहिनी. बाकीचे समोर 'सर' म्हणायचे आणि पाठ वळली की बेरीजराव. तळघरात, जुन्या एक्स-रेच्या गठ्ठ्यांना लागून त्याची खोली होती. दारावर पाटी, 'सांख्यिकी विभाग'. विभाग म्हणजे कोण, तर हा आणि एक टायपिस्ट बाई. दोघांनी एकाच वेळी चहा घेतला की विभागाची बैठक झाली असं समजायचं.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं तुम्हाला तसं वाटणार आहे. अकरा वर्षांचा असताना त्याचे आईवडील गेले, सतरा वर्षांचा असताना थोरला भाऊ गेला. उरली वहिनी. तेव्हा तिची एकोणतिशी. माहेरचे न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "ह्याची बारावी होऊ दे, मग येते." बारावी झाली, मग पदवी राहिली होती, मग आणखी एक पदवी. पुढं माहेरच्यांनी विचारायचं सोडून दिलं. हॉस्पिटलात नर्स म्हणून तिनं दिवसपाळ्या केल्या, रात्रपाळ्या केल्या आणि ह्याला संख्याशास्त्र शिकवलं. त्याच हॉस्पिटलात नोकरीला लावलं तेही तिनंच शब्द टाकून.

त्याच्या लग्नासाठी तिनं तीन स्थळं आणली होती. ह्या पठ्ठ्यानं तिन्ही मुलींचं कोष्टक मांडलं, उंची, शिक्षण, स्वभाव. स्वभावाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून तो रिकामा ठेवला. रिकाम्या रकान्यावर निर्णय घेता येत नाही म्हणून लग्नही राहिलं. "तुझ्याशी कॉम्प्युटरच नांदो," वहिनी म्हणाली आणि तिनं विषय संपवला. आता तो एक्केचाळीसचा होता, ती त्रेपन्नची, आणि दोघं दोन खोल्यांत राहत होते.

वहिनी तिसऱ्या मजल्याची इन्चार्ज होती. जीभ अशी धारेची की पेशंटच्या नातेवाइकांना पहिल्या दिवशी धसकाच बसायचा. "उठा आता, पलंगाला मुळं फुटली तर मला माळी बोलवावा लागेल." "औषध कडू लागतं? मग काय पेढा आहे का तो?" दुसऱ्या दिवसापासून तेच पेशंट तिची वाट बघायचे. कारण ताप चढला की ही बाई पलंगाशेजारी स्टूल ओढून बसायची, आणि ताप उतरेपर्यंत तिथून हलायची नाही. पाळी संपली तरी नाही.

दुसऱ्या मजल्यावर होती गोडबाई. हे नाव तिला नर्सांनीच दिलं होतं. साहेब लोकांपुढं तिच्या तोंडातून साखर सांडायची, आणि पेशंटनं बेल वाजवली तर तिचे कान बंद. पण साहेब लोक पलंगावर थोडेच झोपतात? त्यांना ती गोडच दिसायची.

अशात नवे संचालक आले. नव्याचे नऊ दिवस असतात तसे त्यांचेही होते, आणि त्या नऊ दिवसांत त्यांनी फर्मान काढलं की घरी जाणाऱ्या पेशंटकडून फॉर्म भरून घ्यायचा. फॉर्मवर नाव नको, म्हणजे लोक मोकळेपणानं लिहितील. प्रश्न एकच, नर्सांच्या सेवेबद्दल तुम्ही कसे आहात? खाली तीन चौकटी. समाधानी, ठीक, असमाधानी. त्याखाली अभिप्रायासाठी दोन ओळी. चार मजले, दर मजल्याचे शंभर फॉर्म. त्यावरून कोणती इन्चार्ज राहील आणि कोणती हलेल ते ठरणार होतं.

चारशे फॉर्म तळघरात आले. टायपिस्ट बाई कामाला वाघ. तिनं तीन दिवसांत सगळे कॉम्प्युटरवर चढवले. 'समाधानी' हा अख्खा शब्द चारशे वेळा कोण टाइप करणार, म्हणून तिनं एकेक अक्षर घातलं. समाधानीला स, ठीकला ठ, असमाधानीला अ. पुढं अभिप्राय जसाच्या तसा. एक चूक शोधून दाखवा, मिळायची नाही.

मग बेरीजराव खुर्ची ओढून बसला. त्याला येत होती ती संख्याशास्त्राची प्रोग्रामिंगची भाषा. चारशे मतं असोत की चार लाख, एक आज्ञा दिली की ती गटागटानं मोजून कोष्टक मांडते, आडव्या ओळींत मजले, उभ्या रकान्यांत मतं. त्याला ह्या भाषेचा भारी अभिमान. इतर हॉस्पिटलांत अजून बोटांवर मोजतात, असं तो टायपिस्ट बाईला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचा.

आता संचालकांपुढं स, ठ, अ असं कसं ठेवणार? म्हणून त्यानं प्रोग्रामला सांगितलं, ह्या तीन अक्षरांना ही तीन नावं दे. आणि नावं कोणत्या क्रमानं लिहिली? फॉर्मवर छापली होती त्याच क्रमानं. समाधानी, ठीक, असमाधानी.

इथंच माशी शिंकली. ती भाषा फॉर्म बघत नाही हो! तिच्या हातात गट आले की ती आधी ते वर्णानुक्रमानं लावते, शब्दकोशात असतात तसे. अ पहिला, मग ठ, मग स. तुम्ही पहिलं नाव 'समाधानी' दिलंत ना, तर ते ती पहिल्या अक्षराला, म्हणजे अ-ला डकवणार. शेवटचं नाव शेवटच्या अक्षराला. ती काही विचारत नाही, कुरकुरत नाही, लाल अक्षरांत बजावत नाही. चारशे माणसांचं मत एका ओळीत उलटंपालटं झालं आणि कोष्टक मात्र छान सरळ रेषेत उभं राहिलं.

बेरीजराव तसा बेफिकीर नव्हता. प्रत्येक कोष्टकातला एक रकाना तो हातानं मोजून ताडून बघायचा. नेहमी सगळ्यात लहान रकाना, कारण वेळ कमी लागतो. ह्या वेळी सगळ्यात लहान होता 'ठीक'चा. त्यानं गठ्ठे सोडले, ठीकवर खूण असलेले फॉर्म मोजले. एक्केचाळीस. कोष्टकातही एक्केचाळीस. मधला होता ना तो, उलटं केलं तरी मधला मधेच राहतो. एकूण बेरीज चारशे, तीही जुळली. त्यानं खाली सही ठोकली.

सही करण्याआधी तिसऱ्या मजल्याच्या ओळीवर त्याची नजर अडखळली, हे खोटं नाही. समाधानी नऊ, ठीक अकरा, असमाधानी ऐंशी. आणि दुसऱ्या मजल्याला समाधानी अठ्ठ्याहत्तर. त्याला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते गोड होतं. आपली वहिनी असूनही आपण आकडा लपवला नाही, असं कोण करतं? त्या रात्री जेवताना त्यानं वहिनीला एका शब्दानं सांगितलं नाही. गोपनीय ते गोपनीय.

बैठकीच्या खोलीत चारी मजल्यांच्या इन्चार्ज एका ओळीत बसल्या होत्या. संचालकांनी कोष्टक पडद्यावर टाकलं. पहिल्या आणि चौथ्या मजल्याचं निम्मंनिम्मं होतं, त्यांच्यावर कुणी थांबलं नाही. दुसऱ्या मजल्यावर संचालक थांबले, गोडबाईकडे बघून हसले. मग चष्मा काढून त्यांनी पुसला.

"तिसरा मजला," ते म्हणाले. "शंभरातले ऐंशी. सिस्टर, ऐंशी माणसं तुमच्या हातून दुखावून घरी गेली."

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं की ओळ वाचताना डोळ्यांची गल्लत होतेय. ती उठून दोन पावलं पुढं गेली, बोट लावून तिनं ओळ वाचली. मागं कुणीतरी फस्सकन हसलं.

"साहेब, आकडा बरोबर आहे ना?"

"आकडे मांडणाऱ्या मास्तरांना विचारा. तुमच्याच घरचे आहेत."

वहिनी वळली. त्याच्या चेहऱ्याकडे तिनं बघितलं ते आशेनं बघितलं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. बेरीजराव उभा राहिला, कोटाचं बटण लावलं. "शंभर टक्के बरोबर आहे, साहेब. मी स्वतः ताडून बघितलंय. घरचं माणूस म्हणून मी एक खूणही इकडची तिकडं केलेली नाही."

"ह्याला म्हणतात निःपक्षपातीपणा," संचालक म्हणाले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. संचालकांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. वहिनीनंही वाजवल्या. तिला वाटलं आपणही वाजवायच्या असतात.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. ह्यानं ते मोजले, तेही उलटे.

तिसरा मजला गोडबाईकडे गेला. वहिनीला धुऊन आलेल्या चादरींच्या खोलीत बसवलं, घड्या घालायला. सत्तावीस वर्षं पेशंट उलटवून, पालटवून, उठवून बसवणारी बाई आता चादरी मोजून फळीवर ठेवू लागली. दीड महिन्याच्या आत हरकतीचा अर्ज करायची मुभा होती. अर्ज आला तर तिघांसमोर फॉर्म हातानं मोजायचे, असा नियम. नर्सांच्या संघटनेच्या सेक्रेटरीनं अर्ज लिहूनही आणून दिला. फक्त सही हवी होती.

"कशाला?" वहिनी म्हणाली. "ह्यानंच मोजलंय. ह्याच्याहून नीट कोण मोजणार?" अर्ज तिनं कपाटात ठेवून दिला.

तीन आठवडे झाले असतील. संचालकांना दर्शनी भागात फलक लावायचा होता, दुसऱ्या मजल्याचं कौतुक करणारा. समाधानी पेशंटांचे दहा अभिप्राय निवडून द्या, म्हणाले. बेरीजरावानं दुसऱ्या मजल्याचे अठ्ठ्याहत्तर समाधानी पेशंट वेगळे काढले आणि अभिप्राय वाचायला घेतले.

पहिला होता, 'बेल वाजवून वाजवून बोट दुखलं.'

लोक टोमणे मारतात, तो स्वतःशी म्हणाला, आणि खाली गेला. 'पाणी मागितलं तर म्हणाल्या नळ दिसत नाही का.' चुकीच्या चौकटीत खूण केली असेल बिचाऱ्यानं. 'आईला रात्रभर ओल्या चादरीवर ठेवलं.' त्यापुढचा फक्त 'पुन्हा इथं येणार नाही' असा होता. बाराव्या अभिप्रायाला त्यानं वाचणं थांबवलं. मग, कुणी सांगितलं नसताना, तिसऱ्या मजल्याचे ऐंशी असमाधानी उघडले.

'सिस्टरांनी हसवून हसवून टाके दुखवले, सुखी राहा.' 'पोटच्या पोरीनं केलं नसतं ते केलं.' 'रागावल्या नसत्या तर मी चाललोच नसतो.'

त्यानं आपलाच प्रोग्राम वर नेऊन वाचला आणि त्याला ती ओळ दिसली. अहो, ही चूक त्या भाषेच्या पहिल्या महिन्याचा विद्यार्थी करतो! पुस्तकांत चौकट टाकून बजावलेलं असतं. त्यानं क्रम नीट सांगून आज्ञा पुन्हा दिली. कोष्टक कूस बदलावी तसं बदललं. तिसरा मजला, समाधानी ऐंशी. दुसरा मजला, असमाधानी अठ्ठ्याहत्तर. तरीही त्यानं कपाट उघडलं, तिसऱ्या मजल्याचा गठ्ठा सोडला आणि पहिल्या चौकटीतल्या खुणा बोट लावून मोजल्या. ऐंशी भरल्या. टायपिस्ट बाईनं विचारलं, "काय हो, पुन्हा का मोजताय?" तो म्हणाला, "उगाच. धूळ झटकतोय."

तो तसाच जिना चढून संचालकांकडे गेला. सांगायलाच गेला होता, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवा. पण त्यानं तोंड उघडायच्या आत संचालक म्हणाले, "या या! तुमच्याकडेच माणूस पाठवणार होतो. वरून पत्र आलंय. तुमची पद्धत अकरा हॉस्पिटलांना शिकवायचीय. सख्ख्या वहिनीलाही सोडलं नाही, हे मी त्यांना आवर्जून कळवलं. विभागप्रमुख म्हणून जाल तुम्ही. बोला, काय काम होतं?"

चूक मोठी असती, खोल असती, तर कदाचित तो बोललाही असता. मोठ्या चुकीची माणसाला थोडी शानही वाटते. ही चूक पोरकट होती. अकरा हॉस्पिटलांतले लोक त्या ओळीला हसताना त्याला दिसले.

"फलकासाठीचे अभिप्राय, साहेब," तो म्हणाला. "फारसे सुबक नाहीत. नुसता आकडाच लावू."

"उत्तम," संचालक म्हणाले. आकडा लागला. माणूस मूग गिळून खाली उतरला.

आठ दिवसांत वहिनीला सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. आठ दिवस झाल्यावर वाटलं, आत्ताच कशाला, पुढच्या पाहणीत आपोआप खरं ते बाहेर येईल. आजचं मरण उद्यावर ढकलायला जो हिशेब लागतो, तो त्याला चांगला जमला.

घरात मात्र वहिनी बदलत चालली होती. ती हळू बोलू लागली. एके दिवशी चहाचा कप पुढं ठेवून म्हणाली, "घेता ना जरा? गरम आहे हं, सांभाळून."

"वहिनी, असं काय बोलताय?"

"सवय करतेय. माझं बोलणं लोकांना लागतं ना." ती भिंतीकडे बघून पुन्हा म्हणाली, "सांभाळून हं." तिला ते जमत नव्हतं. गळ्यात दुसऱ्याचं गाणं अडकल्यासारखी ती ते शब्द म्हणायची.

मग तिनं वहीत यादी करायला घेतली. दुखावलेले ऐंशी जण कोण असतील, ते ती आठवत बसायची. घड्या घालताना आठवायची, घरी आल्यावर लिहायची. "तो शिंपी होता बघ, इंजेक्शनला घाबरायचा. त्याला मी म्हटलं होतं, दिवसभर सुईवर पोट भरता आणि सुईलाच भिता? त्याला लागलं असणार. आणि ती शाळेतली बाई, तिला जबरदस्तीनं चालवलं होतं मी, रडत होती." बस ड्रायव्हर. धोब्याची म्हातारी आई. जिचे केस विंचरून देताना ही म्हणाली होती, 'एवढ्या जटांत तर चिमणीनं घरटं केलं असतं.' त्या शंभर जणांत ज्या ज्या विनोदावर कुणी हसलं होतं, तो तो तिनं गुन्हा म्हणून लिहून काढला.

"शेहेचाळीस झाले," ती एका संध्याकाळी म्हणाली. "अजून चौतीस सापडत नाहीत. माझ्या लक्षातसुद्धा नाही रे, म्हणजे किती निर्ढावले असेन मी."

बेरीजरावानं वर्तमानपत्र चेहऱ्यापुढं धरलं. शेहेचाळीस आणि चौतीस ऐंशी. बेरीज बरोबर होती.

हरकतीची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी सकाळी वहिनीनं इस्त्रीची साडी नेसली, वही पिशवीत टाकली. "गावातले सात पत्ते मिळाले मला वॉर्डच्या रजिस्टरमधून. जाऊन माफी मागून येते."

तो ताडकन उठला. "कशाला जाताय? लोक विसरलेही असतील. उगाच कुणाच्या दारात... बरं दिसत नाही ते."

"त्यांना बरं दिसावं म्हणून नाही जात. मला झोप येत नाही म्हणून जातेय."

ती गेली आणि बेरीजरावाच्या पाचावर धारण बसली. कोणीही सरळ माणूस तिला सांगणार, अहो मी तर पहिल्या चौकटीत खूण केली होती. एकानं सांगितलं तर योगायोग, तिघांनी सांगितलं तर संशय, सातांनी सांगितलं तर अर्जावर सही. उद्या तळघरातलं कपाट उघडणार, तिघं जण मोजणार, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं हॉस्पिटल त्या एका ओळीला खदाखदा हसणार. दुपारी त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. दोनदा तो बस थांब्यापर्यंत जाऊन आला. एकदा त्याला वाटलं, देवा, कुणीतरी तिला खरं सांगू दे, म्हणजे मला सांगायला नको. पुढच्याच क्षणी वाटलं, कुणी घरीच नसू दे.

दिवे लागायच्या वेळी ती आली. चपला काढल्या, पाय धुतले, पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्यासमोर खुर्चीवर बसली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा महिन्याभरात प्रथमच उजळला होता.

"सातही जण भेटले," ती म्हणाली. "शिंप्यानं तर मला दारातून आतच ओढलं. मी माफी मागायला लागले तर तोच रडायला लागला. म्हणाला, 'सिस्टर, कोण म्हणतं मी नाराज? पहिल्या चौकटीत खूण केलीय मी.' त्याची बायको म्हणाली, 'पेन मीच दिलं होतं.' मग शाळेतली बाई. तीही म्हणाली, 'पहिली चौकट.' ड्रायव्हर तर रागावलाच माझ्यावर. म्हणाला, 'सिस्टर, तुम्ही माझा पाय वाचवलात, आणि मी खाली खूण करीन? मला काय समजता?'"

"सातही जण तसंच म्हणाले?"

"सातच्या सात." ती उठली, कपाटातून अर्ज काढून आणला आणि पेनासकट टेबलावर ठेवला. "बसमध्ये विचार करत आले. सात माणसं मिळून एकच खोटं कशी बोलतील? मग वाटलं, बोलतीलही. माफी मागायला दारात आलेल्या बाईला कोण म्हणेल, हो बाई, तू वाईटच होतीस? माझं डोकं चालेना झालंय. तू ह्यातला जाणकार, तू सांग. ते माझं मन राखतायत, की मोजण्यात काही चुकलं असेल? तू नुसतं 'चुकलं असेल' म्हण, मी आत्ता सही करते. माझी पाच वर्षं राहिलीत अजून वॉर्डात, आणि मला चादरींशी बोलता येत नाही रे."

ती त्याच्याकडे बघत होती. पेनाचं टोपण तिनं आधीच काढून ठेवलं होतं.

खरं काय ते त्याच्या जिभेवर आलं. 'चुकलं असेल' एवढंच म्हणायचं होतं. कुणी चुकवलं तेसुद्धा तिनं विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिनं त्यालाच पाठीशी घातलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण उद्या कपाट उघडेल. संचालक चष्मा पुसतील. टायपिस्ट बाई म्हणेल, मी तर बरोबर घातलं होतं. अकरा हॉस्पिटलांना पत्र जाईल.

"वहिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच समजूतदार वाटला. "लोक तोंडावर खरं कुठं बोलतात? म्हणून तर आपण फॉर्मवर नाव घेत नाही. समोर माणूस असला की सगळे पहिलीच चौकट सांगतात. आमच्या शास्त्रात हे पहिल्या धड्यात शिकवतात."

हे खरंच पहिल्या धड्यात शिकवतात.

वहिनीच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला, आणि तो जाताना बेरीजराव बघत होता. मग तिनं मान डोलावली. पेनाला टोपण लावलं. अर्जाचे दोन तुकडे केले, दोनाचे चार.

"मलाही मनातून तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "त्या सातांनी मला पार चढवून ठेवलं होतं बघ. शहाण्या बाईनं भुलायचं नाही अशाला. बरं झालं बाबा, घरात एक तरी माणूस आहे माझ्याशी खरं बोलणारं."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो अकरा वर्षांचा असताना फिरवायची तसा, आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं तिनं पानं घेतली. बेरीजरावाच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यानं दोनदा वाढून घेतलं.